प्लेअरची परीक्षा: आधी मीटर, मग कान

टेबलावर दोन प्लेअर आहेत. एक जुना, बटणांचा, ड्रॉवरच्या तळाशी सापडलेला. दुसरा नवा आणि त्याच्या कितीतरी पट महाग. गाणे तेच आणि इअरफोनही तोच, आळीपाळीने दोन्हींना लावलेला. ऐकणारा मिनिटभरात निकाल देतो: नव्याचा आवाज मोकळा आहे, जुना कोंदट वाजतो. तो खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे ऐकू आलेले असते. पण जे ऐकू आले ते प्लेअरच्या गुणामुळे, व्हॉल्यूममधल्या फरकामुळे की नुसती किंमत ठाऊक असल्यामुळे, हे त्या ऐकण्यातून कळत नाही. या तीन गोष्टी सोडवून वेगळ्या करायची रीत आहे आणि ती घरी वापरता येते. त्यासाठी एक बरा मल्टिमीटर, थोडे सोल्डरिंग आणि घरातले एक सोशिक माणूस एवढे पुरते.

सुरुवात व्हॉल्यूमपासून करू, कारण बहुतेक तुलना तिथेच फसतात. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली मोजून दाखवले की आपला कान सगळ्या वारंवारता सारख्याच तीव्रतेने ऐकत नाही. शिवाय आवाजाची पातळी बदलली की ही असमानताही बदलते. आवाज हळू असेल तर खर्जाचा भाग जास्त मागे पडतो, आवाज वाढवला की तो भरून येतो. आता एकाच प्लेअरवर तेच गाणे अर्धा-एक डेसिबल मोठे लावा. ‘आवाज मोठा झाला’ असे फारसे कुणी म्हणणार नाही. ‘भरीव वाटतो’, ‘बारकावे उठून दिसतात’, ‘गायक समोर आला’ असेच म्हणतील. म्हणजे पातळीतला फरक आपल्याला गुणातला फरक म्हणून ऐकू येतो. दोन प्लेअरचे व्हॉल्यूम नुसत्या कानाने ‘साधारण सारखे’ करून जे निष्कर्ष काढले जातात, ते माझ्या मते वाचायच्याही लायकीचे नसतात, मग लिहिणारा कितीही अनुभवी असो.

म्हणून पातळी मीटरने जुळवायची आणि तीही 0.1 डेसिबलच्या आत. व्होल्टेजच्या भाषेत हा फरक सव्वा टक्क्याहूनही कमी होतो. ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 300 हर्ट्झचा एकसलग सूर तयार करा आणि तीच फाइल दोन्ही प्लेअरमध्ये टाका. 300 हर्ट्झच का? साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज साधारण 400 हर्ट्झपर्यंतच भरवशाने दाखवतात, त्यापुढे त्यांचे आकडे घसरू लागतात. दुकानात सर्रास मिळणारा पिवळा स्वस्त मीटर या कामाचा नाही. त्यात एसीची सर्वांत खालची रेंजच 200 व्होल्टची असते आणि आपल्याला मोजायचे आहेत मिलिव्होल्ट. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर ‘एसी मिलिव्होल्ट रेंज असलेला’ असे स्पष्ट सांगून मागा.

मोजताना इअरफोन जोडलेलाच हवा, कारण भार नसताना प्लेअरचे आउटपुट वेगळेच दिसते. का, ते पुढे येईलच. एका जॅकचे दोन करणारी वाय-केबल लावा. एका फाट्यावर इअरफोन राहील, दुसऱ्यावर मीटरच्या पिना. सूर पूर्ण पातळीचा ठेवलात तर आकडा मोठा येतो आणि वाचायला सोपा जातो. मात्र त्या वेळी इअरफोन टेबलावर असू द्या, कानात मुळीच नको. डावी आणि उजवी, दोन्ही बाजू मोजा. जुन्या उपकरणांत या दोन बाजूंमध्येच फरक निघालेला पुष्कळदा दिसतो.

इथे एक अडचण येते. प्लेअरचा व्हॉल्यूम पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो आणि या पायऱ्या सहसा एक डेसिबल किंवा त्याहून मोठ्या असतात. समजा पहिल्या प्लेअरवर 62.0 मिलिव्होल्ट मिळाले. दुसऱ्यावर जवळात जवळची पायरी 66.4 ची निघाली. हा 0.6 डेसिबलचा फरक बटणांनी मिटणार नाही. मध्ये एखादा व्हॉल्यूम पॉट टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळा. त्याचा रोध मध्ये आला की ज्याची परीक्षा घ्यायची तेच बदलून जाते. त्याऐवजी दुसऱ्या प्लेअरसाठीच्या गाण्याच्या फाइली ऑडॅसिटीत 0.6 डेसिबलने खाली आणा. एवढ्याशा बदलाने फाइलचा दर्जा ऐकू येण्याइतका कमी होत नाही. सुराची फाइलही तेवढीच खाली आणून पुन्हा मोजा. आकडे जुळले की दोन्ही व्हॉल्यूमवर चिकटपट्टी लावा.

बाकी तयारी थोडक्यात. दोन्हींकडचे इक्वलायझर, बेस बूस्ट, सराउंड आणि गाण्यांची पातळी आपोआप सारखी करणारी सोय, सगळे बंद करा. ब्लूटूथ वापरू नका, कारण मग तुलना इअरफोनच्या आतल्या सर्किटची होते. दोन्हींवर गाणे एकाच सीडीवरून घेतलेले हवे, कारण जुन्या ध्वनिमुद्रणाची ‘रीमास्टर्ड’ आवृत्ती बहुधा मूळ आवृत्तीपेक्षा मोठ्या पातळीवर काढलेली असते. आणि ज्या फोनला 3.5 मिलिमीटरचा जॅकच नाही, त्याची परीक्षा म्हणजे खरे तर त्याला लावलेल्या डोंगलची परीक्षा. डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डॅक आणि इअरफोन चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही सहसा त्या बोटभर केबलमध्येच असतात.

आता दोन प्लेअरमध्ये खराखुरा फरक कुठून येऊ शकतो ते पाहू. डॅकच्या चिपवरून उत्साहाने वाद घातले जातात, पण फरक सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती शेवटच्या टप्प्यात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर जिथे इअरफोनला भेटतो तिथे. इथला पहिला संशयित आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे प्लेअरचा स्वतःचा अंतर्गत रोध. इअरफोनच्या पाकिटावर ‘16 ओहम’ असे छापलेले असते, पण अनेक इअरफोनचा, विशेषतः बॅलन्स्ड आर्मेचर जातीच्यांचा, रोध वारंवारतेनुसार वरखाली होतो. समजा एखाद्याचा रोध मधल्या सुरांना 16 ओहम आणि वरच्या सुरांना 64 ओहम आहे. प्लेअरचा अंतर्गत रोध 10 ओहम असेल तर 16 ओहमच्या जागी 4.2 डेसिबल गळतात आणि 64 ओहमच्या जागी जेमतेम 1.3. म्हणजे वरचे सूर मधल्यांच्या मानाने जवळजवळ 3 डेसिबलने वर उचलले गेले. हाच इअरफोन 1 ओहमच्या प्लेअरला लावला तर ही तफावत 0.4 डेसिबलवर येते. 3 डेसिबलची उचल कुणालाही ऐकू येईल आणि बहुतेक जण तिला ‘पारदर्शक आवाज’ असे नाव देतील. तेव्हा गुण प्लेअरचा की इअरफोनचा, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तो त्या जोडीचा परिणाम आहे आणि इअरफोन बदलला की निकाल उलटूही शकतो. प्लेअरचा रोध इअरफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी असावा हा जो ठोकताळा आहे, तो यातूनच आला. पातळी इअरफोन जोडून मोजायला सांगितली तीही याचसाठी.

दुसरा संशयित जुन्या प्लेअरमध्ये भेटतो. एकाच बॅटरीवर चालणाऱ्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट शून्यावर नसते, बॅटरीच्या अर्ध्या व्होल्टेजवर टांगलेले असते. तो स्थिर दाब इअरफोनमध्ये जाऊ नये म्हणून वाटेत एक कपॅसिटर बसवावा लागतो. कपॅसिटर मोठा असेल तर खर्ज बिनधास्त जातो, पण खिशातल्या यंत्रात जागा कुठली? समजा 100 मायक्रोफॅरडचा बसवला. 16 ओहमच्या इअरफोनबरोबर तो साधारण 100 हर्ट्झच्या खालचा आवाज कापू लागतो. इअरफोन 32 ओहमचा असेल तर ही मर्यादा 50 हर्ट्झवर जाते आणि 300 ओहमचा हेडफोन लावला तर 5 हर्ट्झवर, म्हणजे तिचा त्रास संपलाच.

याचा अर्थ तंबोऱ्यावर लावून पाहा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, तर खर्जाच्या तारेचा मूळ सूर 69 हर्ट्झचा. वरच्या उदाहरणातल्या 16 ओहमच्या इअरफोनवर तो जवळजवळ 5 डेसिबलने खाली जातो. तरी गंमत अशी की सूर हरवल्यासारखे वाटत नाही. जवारीतून उमटणारी वरची स्वरांशांची रांग शाबूत असते आणि तिच्यावरून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. फक्त तंबोऱ्याचे अंग बारीक झाल्यासारखे वाटते, डग्ग्याचा घुमारा आखडतो. नंतरच्या काळातल्या चिपांनी चार्ज पंप वापरून आतल्या आतच ऋण व्होल्टेज तयार केले, आउटपुट शून्यावर आणले आणि हा कपॅसिटरच काढून टाकला. जुना प्लेअर ‘कोंदट’ नसून खर्जात ‘हलका’ वाजत असेल तर कारण बहुधा हे असते.

तिसरा संशयित म्हणजे पाठीमागची सूं. एखादा संवेदनशील इअरफोन 1 व्होल्टला 125 डेसिबल देत असेल आणि प्लेअरचा स्वतःचा गोंगाट 10 मायक्रोव्होल्ट असेल, तर कानाशी 25 डेसिबलची सतत सूं तयार होते. रात्रीच्या शांततेत, दोन आलापांच्या मधल्या विरामात ती कळते. लोकलमध्ये तिचा पत्ताही लागत नाही.

हे तिन्ही मीटरने आणि गणिताने पकडता येतात, मग ऐकण्याची परीक्षा कशाला? कारण मोजलेला फरक ऐकू येतो की नाही, ते मीटर सांगत नाही. आणि डोळे उघडे ठेवून ऐकले तर तेही भरवशाचे नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली लाउडस्पीकरांवर हेच तपासले. तेच श्रोते, तेच स्पीकर, एकदा समोर दिसणारे आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना दिलेले गुण पडद्याआडच्या गुणांहून बदलले आणि सराईत श्रोतेही त्यातून सुटले नाहीत. स्पीकर-स्पीकरमध्ये पुष्कळ फरक असतो, तिथे ही गत. प्लेअरमधले फरक तर त्याहून कितीतरी बारीक.

म्हणून ए-बी-एक्स चाचणी. तिचे मूळ रूप बेल लॅबोरेटरीजमधल्याच मन्सन आणि गार्डनर यांनी 1950 साली मांडले आणि डेव्हिड क्लार्क यांनी 1982 साली ऑडिओ उपकरणांसाठी तिचे आजचे रूप प्रसिद्ध केले. ए म्हणजे पहिला प्लेअर, बी म्हणजे दुसरा, दोन्ही तुम्हाला माहीत. एक्स हा त्या दोघांपैकीच एक, पण कोणता ते लपवलेले. तिन्ही हवे तितक्यांदा ऐका आणि एक्स कोणता ते सांगा. कोणता आवडला हा प्रश्नच नाही. फरक ओळखता येतो का, एवढेच विचारले जाते, कारण जो फरक ओळखता येत नाही त्यावरची आवड-नावड निरर्थक.

प्लेअर बदलण्यासाठी एक छोटी डबी बनवावी लागते: दोन सॉकेट आत, एक बाहेर, मध्ये टॉगल स्विच. स्विच तीन पोलचा घ्या, म्हणजे डावी, उजवी आणि सामाईक तार अशा तिन्ही एकदम बदलतील. दोन पोलच्या स्विचमध्ये दोन्ही प्लेअरच्या सामाईक तारा कायम जोडलेल्या राहतात. दोन्ही बॅटरीवर असतील तर सहसा बिघडत नाही, पण दोन्ही एकाच कंप्यूटरला चार्जिंगला लावलेले असतील तर गुरगुर येऊ शकते. बॅलन्स्ड आउटपुट या डबीला मुळीच जोडू नका. ऐकायचे तुकडे दहा ते वीस सेकंदांचे ठेवा. बारीक फरकाची स्मृती काही सेकंदांतच विरते, त्यामुळे अख्खे गाणे एकावर ऐकून मग दुसऱ्यावर ऐकणे म्हणजे वेळ घालवणे.

मदतनीस नाणे उडवून सोळा फेऱ्यांचा क्रम आधीच कागदावर लिहून ठेवील आणि तुमच्या पाठीमागे बसून त्याप्रमाणे स्विच फिरवील. त्याने बोलायचे नाही, हुं सुद्धा करायचे नाही. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवत असे. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की तो विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचून थांबत होता. घोड्याला जे जमले ते आपल्याला जमणार नाही असे समजू नये. स्विचचा खटका दोन्ही बाजूंना वेगळा वाजत असेल तर तोही इशाराच. म्हणून प्रत्येक फेरीआधी स्विच तीन-चारदा खालीवर करून मगच थांबवायचा.

हाताने चालवताना सगळ्यात चिवट अडचण वेळेची. दोन प्लेअर एकाच क्षणी सुरू करणे बोटांना जमत नाही आणि शतांश सेकंदाने मागेपुढे झाले तरी स्विच करताना गाणे किंचित उडी मारते. त्या उडीच्या दिशेवरूनच एक्स ओळखता येतो आणि सगळी मेहनत फुकट जाते. याला उपाय दोन. पहिला, स्विच करताना सेकंदभर शांतता राहील असे पाहा आणि प्रत्येक वेळी तुकडा सुरुवातीपासून वाजवा. दुसरा मला जास्त पसंत आहे. इअरफोन जोडलेला ठेवून दोन्ही प्लेअरचे आउटपुट चांगल्या ऑडिओ इंटरफेसमधून 24 बिटमध्ये ध्वनिमुद्रित करा. ऑडॅसिटीत दोन्ही मुद्रणे एकाखाली एक ठेवून अचूक जुळवा, पातळी सारखी करा आणि फूबार 2000 या प्लेअरच्या ए-बी-एक्स सोयीत टाका. नाणे, कागद, मदतनीस सगळे कंप्यूटरच होतो आणि निकालाची टक्केवारीही तोच देतो. याची किंमत एवढीच, की इंटरफेसची स्वतःची सूं मिसळते. त्यामुळे तिसऱ्या संशयिताची परीक्षा मात्र थेट प्लेअरवरच घ्यावी लागते.

काय ऐकायचे? आवडीचे गाणे सगळ्यात वाईट, कारण आपण त्यात रमतो. सुरांचा समतोल बदलला आहे का हे पकडायला पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा एकसलग खळखळाट, सर्वांत उपयोगी. ऐकायला कंटाळवाणा, पण निर्दय. त्याच्या खालोखाल मी तंबोऱ्याला मानतो: अखंड, दाट आणि लयीची लुडबुड नसलेला. खर्जासाठी डग्गा, वरच्या भागासाठी टाळ. संपूर्ण वाद्यमेळाचा भव्य तुकडा प्रभाव पाडतो, पण त्याच्या गर्दीत बारीक फरक लपतात.

आता गुण. पाचपैकी चार बरोबर आले की माणूस खूश होतो, पण नुसत्या अंदाजाने चार किंवा पाच बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ 19 टक्के असते. दहापैकी आठ किंवा जास्तला ती साडेपाच टक्क्यांवर येते आणि सोळापैकी बारा किंवा जास्तला 3.8 टक्क्यांवर. पाच टक्क्यांच्या आत आलो की फरक ऐकू आला असे मानायची प्रथा आहे, म्हणून सोळा फेऱ्या सोयीच्या. फेऱ्यांची संख्या आधी ठरवा. अकरा बरोबर आल्यावर ‘अजून चारच घेऊ’ म्हटले की आकड्याला अर्थ राहत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. दर दहांत सात वेळा खरोखर ओळखू शकणारा माणूससुद्धा सोळा फेऱ्यांत बाराचा उंबरठा निम्म्याहून जास्त वेळा चुकवतो. म्हणजे नापास झालो म्हणून फरक नाहीच, असे सिद्ध होत नाही. तो फार ठळक नाही, एवढेच दिसते. थकवा आला की थांबा, दुसऱ्या दिवशी नवा संच घ्या आणि दोन्ही संचांचे गुण एकत्र मांडा, त्यातला बरा तेवढा निवडू नका.

मोठ्या प्रमाणावर अशा चाचण्या झाल्या तेव्हा काय दिसले, तेही सांगितले पाहिजे. मायर आणि मोरान यांनी 2007 साली उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणांच्या वाटेत सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ दर्जाची पायरी घातली आणि ती कुणाला ओळखता येते का हे पाहिले. 554 फेऱ्यांपैकी 276 बरोबर, म्हणजे नाणेफेकच. 2016 साली जोशुआ रीस यांनी अशा 18 अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा सरासरी 52.3 टक्के निघाली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक आहे, पण अगदी निसटता. प्रशिक्षित श्रोत्यांचे यश मात्र त्याहून बरेच जास्त होते. याउलट 3 डेसिबलची उचल किंवा 100 हर्ट्झपासून कापलेला खर्ज पिंक नॉइजवर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच ओळखू येतो. तेव्हा पाकिटावर ‘24 बिट, 192 किलोहर्ट्झ’ मोठ्या अक्षरांत असेल आणि आउटपुट इम्पीडन्सचा आकडाच नसेल, तर आकडा नसलेल्या गोष्टीची चौकशी आधी करा.

चाचणीत बारा ओलांडले तर कारण शोधा. इअरफोन बदलून पाहा. जास्त रोधाच्या हेडफोनवर फरक नाहीसा झाला तर गुन्हेगार आउटपुट इम्पीडन्स किंवा कपॅसिटर आहे, आणि तो हेडफोन वापरून जुना प्लेअर सुखाने चालवता येईल, फक्त आवाज पुरेसा मोठा होतो का ते बघा. बारा गाठता आले नाहीत तर स्वस्त प्लेअर ठेवा आणि वाचलेले पैसे इअरफोनवर घाला. दोन इअरफोनमधला फरक ओळखायला ए-बी-एक्स चाचणी लागत नाही.